बर्फावर ओढलेलं इंग्लंड

१८५९ च्या मे महिन्यात कॅनडाच्या उत्तर भागातल्या किंग विल्यम बेटावर दर्यावर्दी मॅक्लिंटॉकच्या शोधमोहिमेला एक होडी सापडली. बर्फावरून ओढायच्या गाडीवर ती चढवलेली होती आणि दोन्हींचं मिळून वजन सुमारे १४०० पौंड भरत होतं. आत दोन सांगाडे होते. सोबत रेशमी रुमाल, साबण, सपाता, पुस्तकं, चांदीचे काटे-चमचे. खाण्याजोगं म्हणाल तर थोडा चहा आणि चाळीसेक पौंड चॉकलेट. अटलांटिकहून पॅसिफिकला नेणारा वायव्य सागरी मार्ग शोधायला १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन यांच्याबरोबर गेलेल्या आणि परत न आलेल्या १२९ जणांपैकी हे दोघे. ही माणसं साधनांअभावी मेली असं मानणं पुराव्याला धरून नाही. 'एरेबस' आणि 'टेरर' या जहाजांवर वाफेची इंजिनं होती, तीन वर्षांचा शिधा होता, हजारावर पुस्तकं होती. नव्हतं ते त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या इन्युइट लोकांकडून शिकून घेण्याची तयारी.

लोकरीचे कपडे घामाने भिजतात आणि तोच घाम अंगावर गोठतो. इन्युइट कॅरिबूच्या कातड्याचे दोन थर घालतात, आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. स्कर्व्ही या जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगावर नौदलाचा भरवसा लिंबाच्या रसावर, पण साठवणीत त्याचा गुण उतरत जातो. ताज्या, कच्च्या सील-मांसातून मात्र तेच जीवनसत्त्व मिळतं. हे ज्ञान युरोपियनांच्या आवाक्याबाहेरचं नव्हतं. फ्रँकलिनची जहाजं बर्फात अडकली त्याच हिवाळ्यात हडसन्स बे कंपनीचे डॉक्टर जॉन रे रिपल्स बे इथे मोजक्या माणसांसह प्रामुख्याने शिकारीवर राहिले होते.

यावर म्हटलं जातं, की १८४७ च्या उन्हाळ्यातही बर्फ सुटला नाही, त्यात माणसाचा काय दोष? दोष नाहीच. पण जहाजं सोडून १८४८ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेकडे निघालेल्या १०५ जणांनी बरोबर काय घेतलं, हे बर्फाने ठरवलं नव्हतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: त्या ओसाड किनाऱ्यावर एवढी माणसं जगवण्याइतकी शिकारच नव्हती. खरं आहे, आणि म्हणूनच इन्युइट लहान लहान टोळ्यांनी विखरून राहत. एवढा मोठा ताफा तिथे नेणं हा लंडनमध्ये घेतलेला निर्णय होता. १९०३ ते १९०५ या काळात ध्रुवीय संशोधक अमुंडसेन याच बेटावर अवघ्या सात जणांच्या तुकडीनिशी दोन हिवाळे राहिला आणि नेट्सिलिक इन्युइटांकडून पेहराव शिकला. राहिला तो अन्नाच्या डब्यांतल्या शिशाने माणसं मेली, हा १९८० च्या दशकात गाजलेला तर्क. नंतरच्या अभ्यासांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत.

इन्युइटांकडून शिकण्यात नामुष्की वाटणं मोहीम संपल्यावरही थांबलं नाही. भुकेने मरणाऱ्या गोऱ्यांनी सोबत्यांचं मांस खाल्लं, ही इन्युइटांनी सांगितलेली हकीकत रे यांनी १८५४ साली लंडनला कळवली, तेव्हा चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकातून इन्युइटांच्या साक्षीवरच अविश्वास दाखवला. पुढे सापडलेल्या हाडांवर सुऱ्यांचे घाव दिसले. २०२४ साली जनुकीय चाचणीने त्यातलं एक जबड्याचं हाड 'एरेबस'चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांचं असल्याचं ठरलं. आणि खुद्द 'एरेबस' २०१४ साली ज्या भागात सापडलं, तिथे जहाज बुडाल्याचं इन्युइट दीड शतकापासून सांगत आले होते.