वारशाचे वाद्य

पेडणे महालाच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते तेथे केरी हे गाव वसले आहे. चवथीच्या दिवसांत या भागातील जुन्या घरांतून सायंकाळी आरत्यांचा घोष सुरू होतो, तेव्हा एरवी वर्षभर खुंटीला टांगलेले घुमट खाली उतरते. आजोबांच्या गळ्यातून ते वडिलांच्या गळ्यात येते आणि वडिलांच्या गळ्यातून मुलाच्या. त्याचा दस्तऐवज नसतो, वाटणीपत्रात त्याचा उल्लेख नसतो. तरीही हा वारसा जमिनीच्या वारशापेक्षा कमी भांडणांत आणि अधिक आनंदात एका पिढीकडून दुसरीकडे जात आला आहे.

घुमटाची ही आठवण आज व्हावी याचे कारण एक वेगळाच छंद आहे. आपल्या मुलासाठी वा मुलीसाठी स्वतःच्या हाताने इलेक्ट्रिक गिटार घडवावी, तिच्यावर घराण्याची एखादी खूण कोरावी आणि मूल जाणते झाल्यावर ती त्याच्या स्वाधीन करावी, असा छंद जगात अनेक आईबापांनी जोपासला आहे. हे वाचताना आमच्या काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची आम्हांस कल्पना आहे. विजेवर वाजणारे, परक्या मुलखातून आलेले हे वाद्य आणि त्याला घराण्याची ठेव म्हणायचे?

या आक्षेपाला आमच्या देवळांतील भजनेच उत्तर देतात. ज्या हार्मोनियमवाचून आज गावातील एकही भजनी मेळ उभा राहत नाही, ती पेटी युरोपातून आली. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला आपल्या दारात उभे केले नव्हते. व्हायोलिनही परकेच, ते कर्नाटक संगीतात इतके मुरले की त्याचे मूळ कोणी विचारत नाही. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांतील वादकांनी मुंबईत जाऊन हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद घडवले, तेव्हा त्या सुरांवर आम्ही सर्वांनीच मान डोलावली. वाद्याची जात त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. ते कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी वाजते, यावरून ठरते.

बापलेकांनी मिळून गिटार घडवल्याचे जगाला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडमधील आहे. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे शाळकरी वयाचा असताना चांगली गिटार विकत घेणे घरच्या ऐपतीबाहेरचे होते. १९६३ साली त्याने व त्याचे वडील हॅरल्ड यांनी ती घरीच करावयास घेतली आणि दोन वर्षे खपून पुरी केली. जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनी लाकडाची दांडी झाली. त्या लाकडाला किडीने पाडलेली भोके आगकाड्यांनी बुजवली गेली. जुन्या मेजाच्या ओक लाकडातून अंगाचा भाग निघाला, मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा तारांच्या यंत्रणेत बसल्या आणि आईच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्याच्या गुंड्या दांडीवरील खुणा झाल्या. या गिटारीने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभरची सभागृहे गाजवली. २००२ साली ती बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावरही वाजली. याच वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता, हे सांगितले म्हणजे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी दूरची उरत नाही.

या हकिगतीतील मर्म असे की त्या घरात पैसा कमी होता, परंतु बापाकडे मुलाला देण्यासारखा वेळ होता. घरातील मोडक्या वस्तूंतून त्या दोघांनी जे उभे केले, त्यात सारे घरच सामावले.

आमच्याकडे असे वाद्य घडू शकेल काय? सामग्री तर परसातच आहे. तंजावरची वीणा आणि मृदंग ज्या फणसाच्या लाकडाचे होतात, तो फणस आमच्या प्रत्येक कुळागरात उभा आहे. मात्र उभे झाड तोडण्याचा विचारही कोणी करू नये. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार त्यास वन खात्याची परवानगी लागते, आणि तशी ती लागावी हेच योग्य आहे. परंतु मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले, तेव्हा शेकडो झाडे आपणहून आडवी झाली. त्यांतील किती लाकूड चुलीत गेले आणि किती पावसात कुजले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आजोबांनी लावलेल्या आणि वादळाने पाडलेल्या फणसाची एक फळी माळ्यावर सुकत ठेवणे, एवढीच या वारशाची पहिली पायरी आहे.

पुढचे काम मात्र धीराचे आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ओले लाकूड वापरले तर दांडी वाकलीच म्हणून समजावे. एक इंच जाडीला एक वर्ष सुकवण, असा जुन्या सुतारांचा ठोकताळा आहे. सहा तारा मिळून दांडीवर सुमारे ४५ किलोंचा ताण देतात, म्हणून तिच्या पोटात पोलादी सळई घालावी लागते. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली तर पहिला पडदा सुमारे ३६ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारीचे कायमचे ठोकलेले असतात. एक मिलिमीटर चुकला तर स्वर चुकला. आवाज उचलणारा भाग म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उठतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. शाळेत पुस्तकातून घोकलेले विज्ञान येथे मुलाच्या बोटांना कळते.

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. वारशाच्या नावाखाली पुष्कळ वस्तू काचेच्या कपाटात बंद होतात आणि तेथेच मरतात. खाऱ्या हवेत न वाजणाऱ्या गिटारीच्या तारा गंजतात, लाकूड ओल धरते. गोव्यात केरी नावाची आणखीही गावे आहेत. त्यांतील फोंडे महालातील केरीने सूरश्री केसरबाई केरकरांना जन्म दिला. १९७७ साली त्या निवर्तल्या आणि त्याच वर्षी झेपावलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेतून त्यांचा स्वर सूर्यमालेपलीकडे निघाला. पण त्यांची विद्या पृथ्वीवर जिवंत राहिली ती समोर बसून शिकलेल्या धोंडूताई कुलकर्णी यांच्यामुळे. ठेव जपली जाते ती कपाटात नव्हे, शिष्याच्या गळ्यात आणि मुलाच्या बोटांत.

आणि घुमट तरी काय सांगते? ते मातीचे, हातातून निसटले की फुटते. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाल्यावर बकऱ्याचे कातडे आले. घट कुंभाराने नवा घडवला, कातडे बदलले, तरीही २०१९ साली राज्याने वारसा वाद्य म्हणून ज्याचा गौरव केला, ते घुमट तेच राहिले. कारण ते वाजवणारे हात तुटले नाहीत. म्हणून गिटार घडवणाऱ्या आईबापांना आमचे सांगणे आहे की तिचा प्रत्येक भाग उद्या बदलता येईल असा करा, आणि घडवताना मुलाला शेजारी बसवून रंधा त्याच्याही हाती द्या.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या प्रारंभी सुरू झाल्यापासून पेडण्याच्या जमिनींचे मोल गगनाला भिडले आहे. कालपर्यंत जो वारसा बांधावर उभा होता, तो आज एका सहीने हातचा जातो. त्याच विमानतळावरून आमची मुले नोकरीसाठी दूर देशी निघतात. त्यांच्यासोबत परसातील फणस जाऊ शकत नाही, घर जाऊ शकत नाही. परंतु त्या फणसाची, बापाच्या घामाने गुळगुळीत झालेली एक गिटार खांद्याला अडकवून जाऊ शकते. परक्या शहरातील एखाद्या खोलीत चवथीच्या सायंकाळी तिच्यावर घरच्या आरतीची चाल वाजली, तर केरीतील खुंटीवरच्या घुमटाला आपल्या वंशातच आणखी एक वाद्य जन्मल्याचा आनंद होईल.