होम आवृत्तीचा लॅपटॉप आणि विद्यापीठाचे संगणक-जाळे

संगणक-जाळ्यास जोडणे आणि त्यातील डोमेनचे सदस्य होणे या दोन भिन्न बाबी होत. विंडोज एक्सपी (2001) असो वा विंडोज 11 (2021), होम आवृत्तीस डोमेनचे सदस्यत्व घेता येत नाही. प्रो आवृत्तीस ते घेता येते. तथापि, वाय-फाय किंवा सामायिक फोल्डर वापरण्यासाठी असे सदस्यत्व बहुधा आवश्यक नसते. डोमेनचे नाव, उलटी तिरकी रेघ आणि वापरकर्तानाम या क्रमाने लिहून परवलीचा शब्द दिल्यास सर्व्हर वापरकर्त्याची ओळख पडताळतो. याउलट, सदस्य-संगणकावर संस्थेची धोरणे लागू होतात व त्याचे नियंत्रण अंशतः संस्थेकडे जाते. म्हणूनच, केवळ फाइली मिळविण्यासाठी विद्यार्थ्याने प्रो आवृत्तीचा खर्च करण्यापूर्वी संगणक विभागाकडे सदस्यत्वाच्या आवश्यकतेची चौकशी करणे इष्ट ठरते.