पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्यापूर्वी हृदयाची ताकद पाहा

आवणीच्या दिवसांत मुलाचा घसा दुखला, तर काम टाकून दवाखाना गाठणे आहुपे, तळेघर किंवा घाटघरच्या घरांना सोपे नसते. घसा चार दिवसांत बराही होतो. पण काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. हा संधिवाताचा ताप. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात.

विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की चढवलेले पाणी परत खाली येते आणि मोटर उगाच राबते. हृदयाचे तसेच होते. झडप गळते किंवा अरुंद होते, हृदयावर ताण पडतो आणि काही वर्षांत ते थकते.

ताप पुन्हा उलटला तर झडप आणखी बिघडते. म्हणून अशा रुग्णाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. ते बरीच वर्षे, अनेकांना वयाच्या चाळिशीपर्यंत घ्यावे लागते.

या इंजेक्शननंतर क्वचित एखादा रुग्ण अचानक कोसळतो. त्याचे खापर नेहमी ॲलर्जीवर फुटते आणि गावात भीती पसरते. मात्र २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने यावर सल्ला प्रसिद्ध केला. असे बरेच मृत्यू ॲलर्जीने झालेले दिसत नाहीत. वेदनेने किंवा भीतीने रक्तदाब एकदम उतरतो आणि आधीच थकलेल्या हृदयाला तो धक्का सोसत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक रुग्णाला तीन गोष्टी विचाराव्यात.

१. घरातल्या घरात, थोडे चालल्यावर किंवा बसल्या जागीही धाप लागते का? रात्री उशा रचून बसावे लागते का? पाय सुजतात का?

२. कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली होती का?

३. इको तपासणी झाली आहे का? झडप फार अरुंद किंवा फार गळकी असल्याचे, अथवा हृदयाची ताकद ५० टक्क्यांखाली असल्याचे कागदावर लिहिले आहे का?

यातले एकही उत्तर ‘हो’ आले, तर पुढचे इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. ते रोजच्या गोळ्या सुरू करू शकतात. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नयेत. इको झालीच नसेल, तर ती आधी करून घ्यावी.

बाकीच्या रुग्णांसाठी, आणि तेच संख्येने जास्त असतात, इंजेक्शनच उत्तम. उपाशी येऊ नये, आधी पाणी प्यावे, आडवे झोपूनच सुई घ्यावी आणि नंतर थोडा वेळ पडून राहावे. ॲलर्जीची चौकशी व आपत्कालीन औषधाची तयारी प्रत्येक वेळी हवीच.

शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अशी मुले जरूर दाखवा. घोडेगाव, जुन्नर किंवा मंचरच्या सरकारी रुग्णालयातून पुढे पुण्याला ससूनमध्ये पाठवता येते. झडपेची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते.

भीतीपोटी स्वतःहून इंजेक्शन बंद करू नका. इंजेक्शन की गोळ्या, हे हृदय तपासून डॉक्टरांना ठरवू द्या.