थांबणारं मूल आणि शब्द पाळणारी माणसं

मागच्या व्याख्यानानंतर एका पालकांनी मला विचारलं, "सर, आमच्या पोराला धीरच नाही. मागितलं की लगेच पाहिजे. त्याला संयम शिकवायचा कसा?" प्रश्न साधा आहे. पण त्यात दोष पोराचाच आहे असं गृहीत धरलेलं आहे. आज आपण ते गृहीतक तपासू.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. लहान मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, "आत्ता हवा तर एक, मी येईपर्यंत थांबलास तर दोन." मग मोठं माणूस बाहेर जायचं, फार तर पंधरा मिनिटं. जी मुलं थांबली त्यांनी नुसतं मन घट्ट केलं नाही. कुणी डोळे झाकले, कुणी गाणं म्हटलं. खाऊ नजरेआड असला तर मुलं जास्त वेळ थांबत. म्हणजे संयम ही बरीचशी युक्ती आहे आणि युक्ती शिकता येते.

यातली जास्त थांबलेली मुलं पुढे अभ्यासात सरस ठरली, असं नंतर दिसलं आणि प्रयोगाचा जगभर बोलबाला झाला. पण २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून पुन्हा तपासणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला.

त्याआधी, २०१३ साली, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलं फक्त २८. खाऊ देण्याआधी त्यांना सांगितलं, "थांबा, चित्रं काढायला चांगलं सामान आणतो." निम्म्या मुलांना ते आणून दिलं. उरलेल्यांकडे मोठं माणूस रिकाम्या हाताने परतलं. नंतर खाऊचा प्रयोग केला. पहिली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, दुसरी जेमतेम तीन. वयोगट तोच, खाऊ तोच. फरक होता तो समोरच्या माणसाच्या शब्दाचा.

आता आपल्या जळगाव जामोदकडे या. पावसाळ्याच्या तोंडावर सरकी लावली की वेचणी दिवाळीच्या आसपास. तोवर घरातलं प्रत्येक मागणं एकाच वाक्यावर अडतं, "कापसाचा चुकारा आला की घेऊ." मी प्राध्यापक होतो, पण घरची शेतीही होती. मुलाला सायकलीबद्दल मी हेच सांगितलं. चुकारा आला आणि उधारीत गेला. तिथे माझा नाइलाज होता. पण मी त्याला ते सांगितलं नाही. "पुढच्या वर्षी" म्हणालो आणि पुढच्या वर्षी विषयच काढला नाही. नंतर त्याच्या हाती पाच रुपये पडले की संध्याकाळपर्यंत उडायचे. मी त्याला उधळ्या म्हणायचो. आज वाटतं, पोर हिशेबी होतं. ज्याला उद्याचा भरवसा नाही, त्याने आजच खर्च करणं यात अविचार कसला?

कठोपनिषदातला श्रेय आणि प्रेय हा भेद आपण नेहमी सांगतो. हिताचं ते श्रेय, लगेच सुखावणारं ते प्रेय. नचिकेत्याने हत्ती, घोडे, धन नाकारलं म्हणून त्याचं कौतुक करतो. पण गोष्टीची सुरुवात विसरतो. ते पोर यमाच्या दारी तीन रात्री उपाशी थांबलं होतं. यम परतला तेव्हा त्याने धीराचा उपदेश केला नाही. तीन रात्रींचे तीन वर दिले. तिसरा वर त्याला जड गेला, टाळूनही पाहिला, पण शेवटी शब्द पाळला. थांबण्याची किंमत मोठ्यांनी चुकवायची असते, हे यमालाही कळत होतं.

म्हणून त्या पालकांना माझं उत्तर असं: पाळता येतील एवढेच वायदे करा. रविवारी म्हटलं तर रविवारीच. पैसा नसेल, जमलं नाही, तर मुलाला कारण सांगा. गरिबीत खोटं बोलावंच लागतं असं नाही.

माझा मुलगा आता चाळिशीत आहे. सायकलीचा विषय गेल्या वर्षी मी काढला. तो म्हणाला, "बाबा, मला वाटलं तुम्ही विसरलात." मी विसरलो नव्हतो. एवढंच त्याला तेव्हा सांगायला हवं होतं.