वगळ-नकाशा : किती वगळावे आणि कसे?

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले असता विवर्तित किरणांची तीव्रता मोजता येते. त्यांची कला मात्र मोजता येत नाही. ती बहुधा आधी कल्पिलेल्या प्रतिकृतीवरून काढावी लागते. परिणामी इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा पुष्कळदा स्फटिकाऐवजी प्रतिकृतीचेच म्हणणे परत ऐकवतो.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील पिल्लई, कण्णन व होसूर यांनी २००१ मध्ये एचआयव्ही-१ प्रोटिएज या एंझाइमाची, दोन्ही साखळ्या एकमेकींस जोडलेल्या रूपातील रचना १.९ अँगस्ट्रॉम विभेदनाने प्रसिद्ध केली. कार्यस्थानी कोणताही रेणू नसताना एंझाइमाच्या झडपा तीत मिटलेल्या आढळल्या. अशा निष्कर्षापुढे पहिला प्रश्न हाच, की झडपा स्फटिकात मिटलेल्या आहेत की केवळ प्रतिकृतीत? रोगावरील औषधाचा रेणू याच झडपांखाली बसतो. तेव्हा हा प्रश्न नुसत्या पांडित्याचा नव्हे.

याच्या परीक्षणासाठी भट व कोहेन यांनी १९८४ मध्ये वगळ-नकाशाची पद्धत मांडली. संशयित भाग प्रतिकृतीतून काढून उरलेल्या भागावरून कला काढावयाच्या. तरीही रिकाम्या जागी घनता उमटली, तर ती निरीक्षणांतून आलेली मानावयाची. संयुक्त नकाशात हीच कृती तुकड्यातुकड्याने सर्व रेणूवर करून वगळलेल्या जागांची घनता एकत्र सांधतात. एका वेळी सुमारे ५ टक्के भाग वगळण्याचा प्रघात आहे. याहून पुष्कळ अधिक वगळल्यास कलाच बिघडतात. फार थोडा वगळल्यास गणिते वाढतात, लाभ अल्प.

खरी अडचण निराळीच. पाणिनीय व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य मागे उरते. येथेही तसेच घडते. वगळलेल्या अणूंच्या सहवासात शेजारचे अणू आधीच परिष्कृत झालेले असतात व चूक त्यांच्या स्थानांत मुरलेली असते. म्हणून वगळल्यानंतर पुन्हा परिष्करण करावे, किंवा, होडेल, किम व ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, संगणकीय अनुशीतनाने ही स्मृती पुसावी. मात्र विभेदन मंद असेल तेथे अनुशीतन जपूनच वापरणे इष्ट. मोकळे सोडलेले अणू भलतीकडे सरकतात. रिकाम्या जागेत ते शिरू नयेत म्हणून तिच्या काठच्या अणूंना बांधून ठेवावे लागते.

न मोजलेल्या परावर्तनांच्या जागी प्रतिकृतीवरून काढलेली मूल्ये भरण्याची सोय आज्ञावल्यांत असते. नकाशा देखणा होतो खरा, पण मागील दाराने पूर्वग्रह परत येतो. परीक्षणाच्या नकाशात ती बंद ठेवावी हेच बरे.

दुर्बळ घनतेच्या रेणूबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. जागा रिकामी होताच गणित तेथे विद्रावकाचे पाणी भरते आणि रेणूची फिकट घनता त्यात बुडून जाते. २०१७ मध्ये पुढे आलेला ‘पोल्डर’ नकाशा त्या जागेत विद्रावक शिरूच देत नाही. समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीला डच भाषेत पोल्डर म्हणतात.