गाडीचं ऑइल जातं कुठे?

(रेडिओवर झालेलं बोलणं)



गेल्या बुधवारी कार्यक्रम संपता संपता एका ताईंचा फोन आला होता. त्यांच्या गटाने पापड-मसाला आठवडी बाजाराला न्यायला एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली आहे. मिटरवर दीड लाख किलोमीटर झालेत. गॅरेजवाला म्हणतो, "गाडी ऑइल खातेय, इंजिन उतरवावं लागेल." खर्च सांगितला ३५,००० रुपये. गटाच्या खात्यात तेवढी शिल्लक नाही, म्हणजे कर्ज आलं. ताई म्हणाल्या, "खाली जमिनीवर तर एक थेंब दिसत नाही. मग ऑइल जातं कुठे?"

सात वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, आणि त्याचे पैसे आमच्या गटाने मोजले. तेव्हा गटाची गाडी मीच चालवायचे. दिवाळीला ऑइल बदललं होतं, होळीपर्यंत मी बॉनेट उघडलं नाही. आत्ताच तर बदललंय, असं मनात. बाजाराहून येताना घाटात इंजिन खडखड करायला लागलं आणि लाल दिवा पेटला. गाव तीन किलोमीटरवर होतं. वाटलं, पोचू. नाही पोचलो. इंजिन जाम झालं.

माझे दीर गॅरेज चालवतात. त्यांनी खालचा नट सोडला तर जेमतेम वाटीभर काळं ऑइल आलं. "वहिनी, दिवा पेटेपर्यंत थांबलात का?" एवढंच म्हणाले. तेव्हा मला कळलं, की तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगतच नाही. तो सांगतो ऑइलचा दाब. पंपाला उचलायला ऑइल उरलं नाही, की दाब पडतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा पेटला तेव्हा इंजिन कोरडं पडायला लागलेलं असतं. तिथल्या तिथे गाडी बंद करायची, पुढचं गाव बघायचं नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते.

इंजिनच्या आत नळकांड्यासारखे सिलिंडर असतात आणि प्रत्येकात एक पिस्टन वर-खाली पळतो. वरच्या बाजूला पेट्रोल जळतं, खालच्या बाजूला ऑइल उडत असतं. या दोघांच्या मध्ये फक्त पिस्टनवर चढवलेल्या रिंगा. बहुतेक गाड्यांत प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोघी जळलेल्या वायूचा दाब खाली जाऊ देत नाहीत, कुकरच्या रबरी रिंगसारख्या. तिसरी ऑइलची. परातीला चिकटलेलं पीठ आपण उलथन्याने खरवडून घेतो, तशी ती सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून बारीक भोकांतून परत खाली पाठवते. अगदी पातळ थर मात्र भिंतीवर राहतोच, राहायलाच हवा, नाहीतर लोखंडावर लोखंड घासेल. तो थर पेट्रोलबरोबर थोडा थोडा जळतो. म्हणून नवं कोरं इंजिनसुद्धा किंचित ऑइल खातं. काही कंपन्या तर गाडीच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, कुठे एक लिटरपर्यंतही चालेल असं लिहितात. इतकं चालतं असं म्हणणं कंपनीला सोयीचं आहे, हे माझं मत. पण 'खातेय' म्हणजे लगेच 'गेली' असा अर्थ होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दीड लाख किलोमीटर म्हणजे त्या पिस्टनचे किती फेरे झाले, याचा हिशेब मी एकदा वहीत मांडला. सरासरी ताशी ५० चा वेग धरला तर ३,००० तास. मिनिटाला इंजिनचे अडीच हजार फेरे धरले तर ४५ कोटी वेळा प्रत्येक पिस्टन वर गेला आणि खाली आला. सासूबाईंचा पाटा चाळीस वर्षांत गुळगुळीत झाला, इथे तर ४५ कोटी! रिंगा झिजतात, त्यांचा ताण कमी होतो, सिलिंडरची भिंत वरच्या टोकाशी रुंदावते. तिथून ऑइल वर चढतं आणि जळतं. वर गेलेलं ऑइल सायलेन्सरमधून निघून जातं, म्हणून जमिनीवर थेंब दिसत नाही.

झीज लवकर आणणारी गोष्ट आपल्याकडे कोणती, तर धूळ. मुरमाचा रस्ता, त्यात एअर फिल्टर फाटलेला किंवा काढूनच टाकलेला. ती बारीक माती हवेबरोबर आत जाते आणि ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी घासत राहते. एअर फिल्टर काही शे रुपयांचा असतो. तो वाचवून इंजिन घालवलेली माणसं मी गॅरेजच्या बाकड्यावर बसलेली पाहिली आहेत.

पण प्रत्येक वेळी रिंग झिजलेलीच असते असं नाही. कधी ती नुसती अडकलेली असते. ऑइल वेळेवर बदललं नाही, की त्याचा जळका थर खाचेत साचतो, तव्याच्या काठाला साचतो तसा. रिंग मोकळी हलत नाही आणि ती भोकं तुंबलेल्या गाळणीसारखी बंद होतात. हे फार पुढे गेलं नसेल तर चांगलं ऑइल घालून ते लवकर लवकर बदललं, की थोडा फरक पडू शकतो. खात्री देता येत नाही.

दुसरी वाट वरून आहे. इंजिनच्या डोक्यात व्हॉल्व्ह असतात आणि त्यांच्या दांड्यांवर रबराची छोटी टोपडी बसवलेली असतात, व्हॉल्व्ह सील. उष्णतेने रबर कडक होतं, चिरतं. मग रात्रभर गाडी उभी असताना वरचं ऑइल दांडीवरून ओघळून सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की निळसर धुराचा एक लोट येतो आणि थोड्या वेळात साफ होतो. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला, आणि खाली आल्यावर पाय दिला की मागे निळा धूर, हीसुद्धा बहुतेकदा सीलचीच खूण. चढावर, ओझं असताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. हा फरक कळायलाच हवा. सील बदलायला बहुतेक गाड्यांचं इंजिन खाली उतरवावं लागत नाही, रिंगांना उतरवावं लागतं. खर्चात मोठं अंतर पडतं.

गॅरेजवाल्याला दाब मोजायला सांगा. प्लग काढून तिथे घड्याळ लावतात आणि सिलिंडरचा दाब बघतात. दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. दाब वाढला तर रिंगा गेल्या, कारण त्या ऑइलने फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर वरचे व्हॉल्व्ह नीट बसत नसतील. ही परीक्षा न करता कोणी "इंजिन बांधा" म्हणत असेल, तर आपण "आधी दाब मोजून दाखवा" म्हणावं. त्यात भीड कसली?

तिसरी वाट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत विसरलेली. रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली निसटतोच. तो बाहेर काढायला एक नळी असते, तिच्यात एक छोटा व्हॉल्व्ह. गॅरेजात ब्रीदर म्हणतात. कुकरची शिट्टी तुंबली की वाफ कडेने फसफसते ना? तसंच. ब्रीदर तुंबला तर आतला दाब ऑइलला पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. उघडाच अडकला तर ऑइलची वाफ इंजिनात ओढली जाते आणि जळते.

आमच्या गटाची आत्ताची व्हॅन १,८०,००० किलोमीटर चाललेली आहे. पहिल्यांदा मोजलं तेव्हा हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल जात होतं. दिरांनी आधी ब्रीदरचा व्हॉल्व्ह आणि वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. पॅकिंगमधून झिरपलेलं ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडून तिथेच जळत होतं, खाली डाग कुठून दिसणार! नंतर मोजलं तर हजाराला ३०० मिलिलिटर. आम्ही महिन्याला ८०० किलोमीटर फिरतो. ऑइल लिटरला ४०० रुपये धरलं तर महिन्याला १०० रुपयांच्या आत वरचं ऑइल लागतं. गटात ठरलं, इंजिनला हात लावायचा नाही, ऑइल घालत राहायचं.

पण घालत राहायचं म्हणजे बघत राहायचं. छोट्या पेट्रोल गाडीत सगळं मिळून तीन-साडेतीन लिटर ऑइल असतं. हजाराला अर्धा लिटर जात असेल आणि आपण पाच हजार किलोमीटर बॉनेट उघडलं नाही, तर अडीच लिटर गेलं. माझं घाटात झालं ते हेच. ऑइल खाल्ल्याने इंजिन बसलं नव्हतं, ते संपल्याने बसलं.

बघायचं कसं? गाडी सपाट जागी उभी करा, बंद करून दहा मिनिटं थांबा. पट्टी ओढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढून बघा. पहिल्या वेळी ओढलेली पट्टी खोटं बोलते, तिला वरपर्यंत ऑइल लागलेलं असतं. दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर बसतं. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. जास्त झालेलं ऑइल घुसळून फेसाळतं, ब्रीदरमधून वर जातं आणि गाडी आणखी खाते. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच. तिथे दोन ग्रेड दिले असतील तर जुन्या इंजिनला त्यातलं जाड घ्या. झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस भरपूर दिसला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर ते दुखणं वेगळं. पाणी ऑइलमध्ये शिरतंय. गाडी चालवू नका.

आणि ज्या गटांना जुनी गाडी घ्यायची आहे, त्यांनी सकाळी न सांगता जावं. आधी बॉनेटवर हात ठेवून बघावा. तापलेलं असेल तर पहिला धूर तुमच्या आधीच सोडून झालाय. काही विकणारे धूर दाबायला मुद्दाम फार जाड ऑइल भरतात. महिनाभर गाडी शहाण्यासारखी वागते, मग खरं रूप दाखवते.

तर फोनवाल्या ताई, ३५,००० चं कर्ज आत्ता काढू नका. चढावर गाडीची ताकद गेली असेल, प्लग सारखे ऑइलने माखत असतील, पीयूसीत गाडी नापास होत असेल किंवा हजाराला लिटरभर ऑइल जात असेल, तर इंजिनचं काम टळणार नाही. पण आधी मोजा. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, मिटरचा आकडा वहीत लिहा, दर सोमवारी पट्टी बघा. ५०० किलोमीटर झाले की परत वरच्या खुणेपर्यंत भरायला किती ऑइल लागलं ते मापाने मोजून लिहा. सकाळचा पहिला धूर कोणीतरी मागे उभं राहून बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. आणि पुढच्या महिन्यात याच वेळेला फोन करून मला तो आकडा सांगा, मग पुढचं बोलू.