तुटलेल्या बोटांचा हिशेब

दलित कथा जखमा फार दाखवते, बीभत्स होते, अशी तक्रार मी शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकतो. तक्रार करणाऱ्यांनी अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' पुन्हा वाचावी.

भीमा हा मुंबईच्या उपनगरातला खाणकामगार. त्याच्या अंगचे बळ अण्णाभाऊ ठसवून सांगतात. कारण तेच त्याचे भांडवल आहे. खाण बंद पडते आणि बळ असूनही पोट भरेनासे होते. मग तो मसणातली प्रेते उकरून सोने शोधतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात; पुढे ती कापावी लागतात. आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. भीमा रडतो. हे रडणे नुसत्या वेदनेचे नाही. दगड फोडणारा हात गेला, म्हणजे घराची भाकर गेली.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधला नायक रेल्वेत नोकरीला लागतो. जात उघड होताच त्याला मार बसतो. शरीर तेच, कामही तेच; फक्त जात कळली.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. घरचे झिजलेले हात मी पुस्तकांआधी वाचले. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो : कथेतली जखम पाहून नुसते हळहळू नका. ती कोणत्या व्यवस्थेने केली आणि तिच्यामुळे कोणाची चूल विझली, हे विचारा.